उणे दोनची गल्ली

मी पॅड बोलतोय. लिहिताना कागदाखाली धरतात ना, वर चिमटा असलेला, तोच. आज माझं डोकं फिरलंय आणि मी गप्प बसणार नाही.

कारखान्यात लाकडाचा भुसा दाबून मला घडवलं. गेली नऊ वर्षं इंग्लंडच्या लँकशर परगण्यातल्या एका कॉलेजात, भूगोलाच्या कपाटात पडून आहे. इथं अकरावी-बारावीची पोरं जगाचा विकास आणि गरिबी शिकतात. आफ्रिकेतल्या मालावीची गरिबी वर्गात बसून. जवळची शिकायची तर मला बाहेर काढतात. गल्लीत उभं राहून घराघराला गुण द्यायचे! रंग, खिडक्या, कचरा. अधिक दोन ते उणे दोन. दार मात्र वाजवायचं नाही. वा रे अभ्यास!

यंदा मी ब्रायोनीच्या हाती आलो. सतरा वर्षांची अबोल पोर. कोणती गल्ली ते पिकर्सगिल सरांनी बसमध्ये सांगितलं, आणि तिनं मला छातीशी घट्ट धरलं. ती राहायची तिथंच, अठ्ठावीस नंबरात. वर्गात कुणाला पत्ता नव्हता, लागू द्यायचाही नव्हता.

जोडीला होता ह्यूगो. "अठ्ठावीस बघ! खिडकीला पुठ्ठा! माणसं राहतात की डुकरं? लिही, उणे दोन."

ब्रायोनी लिहीना.

"अगं लिही की! तुझं काय जातंय?"

"माझं घर आहे ते."

तेवढ्यात दार उघडलं. रात्रपाळी करून झोपलेली तिची आई गाऊनवरच बाहेर आली आणि माझ्यावरचा कागद वाचू लागली.

"आमच्या घराला मार्क?"

"आई, आत जा ना गं."

पिकर्सगिल सर धावत आले. "बाई, राग मानू नका. पोरांचा अभ्यास आहे."

"मग पुरता करा की! फेब्रुवारीत काच फुटली. घरमालकाला फोन करून करून घसा बसला माझा. काल म्हणतो, फार ओरडाल तर घर खाली करा. लिहा हे!"

"त्याला तक्त्यात रकाना नाहीये हो," सर म्हणाले.

रकाना नाही! उडालेल्या रंगाला आहे, रंग न देणाऱ्याला नाही. सरांचं बोट चिमट्यात धरावं असं वाटलं मला.

ब्रायोनीनं कागद उलटा केला. मालकाचं नाव, पत्ता, आईचा शब्द न् शब्द, सगळं पेन दाबून दाबून लिहिलं.

परतताना सर हळूच म्हणाले, "तुझे गुण जातील, पोरी. नवा कागद घे." युनिव्हर्सिटीत जायचं तर गुण हवेतच. तिनं जुना कागद चुरगाळला आणि नव्यावर स्वतःच्या घरापुढे उणे दोन लिहिलं. मला रडू फुटलं.

आता पुन्हा कपाटात आहे. पण त्या चुरगाळलेल्या कागदावरचं तिचं अक्षर माझ्या अंगावर उमटलंय. पोरांनो, पुढच्या वर्षी मला हातात घ्याल तेव्हा आधी कागद उचला. त्या मालकाचं नाव वाचा, पत्ता वाचा. मग जा, त्याच्या बंगल्यापुढे उभे राहा, आणि द्या गुण!