आण्णांचा आवाज जोडताना

टक्. आण्णांचं बोट कॉटच्या लोखंडी पट्टीवर आपटलं.

"आता कुठं?" मी वैतागून विचारलं.

उत्तर म्हणून पुन्हा टक्. मी लॅपटॉपवरचं रेकॉर्डिंग मागे नेलं. 'लोणंदकर बंधू-भगिनींनोऽऽ' आणि 'येत्या चौदा तारखेला' यांच्या सांध्यावर खरंच बारीकसा टक् आवाज होता. मला तो ऐकू आला नव्हता. आण्णांना आला होता.

माझे वडील जोतीराम, म्हणजे गावाचे आण्णा. एकतीस वर्षं सयाजीकाकांच्या रिक्षात बसून त्यांनी भोंग्यावरून गावाला सगळं सांगितलं. नळाला पाणी कधी येणार, सर्कस कुठल्या मैदानात, कोणाचं सावडणं किती वाजता. डिसेंबरात अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आई आणि मी सोडून कोणासमोर ते तोंड उघडेनात. पाहुणा आला की भिंतीकडे तोंड.

एप्रिल लागला आणि जयंतीच्या कमिटीचा धम्मपाल दारात आला. चांगला मुलगा, पण जीभ सैल. "आम्रपालीताई, वाईट वाटून घिऊ नका. यंदा मोबाईलमधला आवाज लावतू. लिवून दिलं की बोलतंय ते."

आत आण्णांनी ऐकलं. त्या दिवशी त्यांनी चहाला हात लावला नाही. मला राग आवरत नाही, हा माझा जुना दोष. मी धम्मपालला म्हणून बसले, "चौदा एप्रिलचं आण्णाच पुकारणार. शुक्रवारी ये ऐकायला."

म्हणून तर बसले, पण पुकारणार कसे? दुपारी घसा बसला तर लावायला म्हणून आण्णा सगळ्या जाहिराती मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवत. अशा दोनशे फायली होत्या. त्यातले शब्द कापायचे आणि नव्या जाहिरातीसाठी जोडायचे. सेतू केंद्रात दिवसभर दाखले काढणाऱ्या मला वाटलं, हे काय, कापा आणि चिकटवा!

पहिल्या दिवशी आण्णांचं बोट चौदा वेळा आपटलं.

इतर माणसं दोन शब्दांमध्ये थांबतात, तिथे कापता येतं. आण्णा थांबतच नसत. शेवटचं अक्षर लांबवायचं आणि त्याच दमात पुढचा शब्द उचलायचा. त्यामुळे कात्री भर आवाजात घालावी लागे. पडद्यावर आवाजाची लाट वरखाली जाताना दिसते. ती उंचावर असताना कापली की आवाज एकदम उडी मारतो. तोच टक्.

मग मी प्रत्येक लाट मधली रेघ ओलांडते तिथेच कापायला लागले. चौदाचे सहा झाले. उरलेल्या सहा सांध्यांत आधीच्या तुकड्याची लाट रेघेवर उतरत येत होती आणि पुढच्याची चढत निघाली होती. चढतीला चढती जोडली, तेव्हा तीन राहिले. शेवटी दोन तुकडे एकमेकांवर जरासे चढवले. एक मावळतो तोवर दुसरा उगवतो. इथे मी हावरटपणा केला. जास्त चढवले आणि विहिरीत दोन आण्णा भांडतायत असं ऐकू आलं. आण्णा अर्ध्या तोंडानं हसले. डिसेंबरापासून पहिल्यांदा. आई स्वयंपाकघरातून पळत आली.

सगळं जमलं, एक शब्द सोडून. यंदा मिरवणूक आमच्या नव्या अभ्यासिकेपाशी संपणार होती, आणि 'अभ्यासिका' हा शब्द दोनशे फायलींत नव्हता. आजवर गावात अभ्यासिकाच नव्हती, तर आण्णा पुकारणार कुठून? शिकवणीच्या जाहिरातीतला 'अभ्यास' घेतला. एका जाहिरातीतल्या 'मासिकाची वर्गणी'मधलं 'इका' कापून त्याला लावलं. टक्. पुन्हा लावलं. टक्. गुरुवारची संध्याकाळ झाली.

"आवं, नका बोट आपटू," आई आण्णांना म्हणाली. "पोरगी दमली."

आण्णांनी मला जवळ बोलावलं. तोंड वाकडं करून, सगळा जीव लावून म्हणाले, "स... सऽऽ... त्यात."

मला कळेना. ते पुन्हा कुकरसारखे फुसफुसले, "सऽऽ", आणि डाव्या हातानं हवेत कात्री चालवली. मग डोक्यात प्रकाश पडला. मी 'स' संपल्यावर कापत होते. कापायचं होतं 'स'च्या आत! ती नुसती फुसफुस. तिच्यात सांधा लपून जातो. मी 'अभ्यास'मधला अर्धा 'स' ठेवला, 'मासिका'तल्या 'स'चा उरलेला अर्धा पुढच्या 'इका'सकट त्याला जोडला आणि बटण दाबलं.

'अभ्यासिका.'

बोट पट्टीवर होतं. ते हललं नाही. मी पहिल्यापासून सगळी जाहिरात लावली, तरी हललं नाही. मी चक्क ओरडले.

शुक्रवारी धम्मपालनं ओट्यावर उभं राहून ऐकलं आणि तो दचकून आत डोकावला. "आण्णा बोलाया लागलं?"

"आवाज त्येंचाच हाय," मी म्हटलं, आणि माझी मान जरा जास्तच ताठ झाली.

तेराला सकाळी सयाजीकाका रिक्षा घेऊन आले. "चला आण्णा, गाव वाट बघतंय." आण्णा मान हलवत राहिले, पण काकांनी ऐकलं नाही. उचलूनच बसवलं. मी शेजारी बसले. बाजारपेठेत भोंगा सुरू झाला आणि दुकानदार गल्ला सोडून दारात आले. भाजीवाली भामाबाई डोक्यावरच्या पाटीसकट धावत आली.

"आण्णा! आवाज आला व्हय तुमचा परत?"

मी भोंगा बंद केला आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं. आण्णांनी माझं मनगट धरलं.

"न्हा... ई," ते म्हणाले. सगळ्या बाजारासमोर. सयाजीकाकांनी इंजिन बंद केलं. "हिनं..." त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. त्यांनी ती पुसली नाही. "...शिवला."

भामाबाई पाटीचं ओझं घेऊन शब्द पुरे होईपर्यंत हलली नाही. "लय बेस शिवलाय," ती म्हणाली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

आण्णा ताठ बसले आणि सयाजीकाकांना म्हणाले, "चल."