गोधडीतला माळ

"मधनं धरू नकोस पोरी. गोधडी कडंनं आत शिवीत यायाची. मधनं धरलीस तर पोट येतंय तिला," छबुबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. रुचिकानं ते हसण्यावारी नेलं. कॉलेजात तिनं बरीच चित्रं काढली होती. आणि या गोधडीवरच्या चित्राच्या तर मधोमधच बेट होतं. मग कडेला कशाला जायचं?

मांजरेवर धरण झालं तेव्हा छबुबाईंचं माहेर पाण्यात गेलं. वर उरला तो महादेवाच्या देवळाचा माळ. त्याचंच बेट झालं. श्रावणी सोमवारी बायका अजून होडीनं तिकडे जातात, देवळाच्या ओट्यावर चुन्याची बोटं ओढतात, फेर धरतात. छबुबाई कधी चुकल्या नव्हत्या. यंदा काचबिंदूनं नजर गेली, आणि पुण्याहून लेकानं, भारतनं, फोनवरच सांगून टाकलं, होडीत पाय ठेवायचा नाही. तेव्हापासून बाई चतकोर भाकरीवर आल्या. शेजारच्या घरातून रुचिका हे बघत होती. तिचा जीव तसाही टांगणीलाच असायचा. लेक राजनंदिनी गाढ झोपली, तरी ही तिच्या नाकाशी बोट धरून बघायची.

म्हणून तिनं ठरवलं, सोमवारच्या आत बेटच छबुबाईंच्या मांडीवर आणून ठेवायचं. हिरव्या लुगड्याचा माळ, करड्या शर्टाचं देऊळ, धोतराच्या पांढऱ्या चिंध्यांची बोटं. भोवती निळ्या साड्यांचं पाणी, आणि पाणी ओसरताना काठाला जशा एकाखाली एक रेघा राहतात, तसे धावदोऱ्याचे वेढे. लेक रांगत आली की हातातली सुई आधी पदराला टोचायची, जमीन चाचपायची, मगच तिला जवळ घ्यायची.

शेवटचा वेढा काठाला टेकला. गोधडी अंथरून बघते, तर मधला माळ पालथ्या परातीसारखा वर आलेला. तिनं ओढून पाहिली, वर बसून पाहिली. उसवायची म्हटलं तर सोमवार उद्यावर आलेला.

छबुबाई भिंत धरत दारात आल्या. "झाली न्हवं? मग दडवतीस कावून?"

"बिघडली, मावशी. तुम्ही सांगत होतात, मीच ऐकलं नाही."

"आण हिकडं."

त्यांची बोटं निळ्या रेघांवरून निघाली, हिरव्याला लागली आणि चढू लागली. मध्येच थांबली.

"हितं दम लागतुया," छबुबाई पुटपुटल्या. "आमी हितंच बसायचो." बोटं आणखी वर गेली. पांढऱ्या चिंध्या चाचपल्या. "चुना बी लावलास?"

"लावला. पण फुगली ना हो..."

"फुगली म्हनून तर गावली! सपाट शिवली असतीस तर मला काय कळलं असतं? चादर!" बाई तोंडाला पदर लावून हसल्या. मग म्हणाल्या, "पोरी, खायला काय हाय तुज्याकडं? लई भूक लागली."

दुसऱ्या दिवशी होडीला निघालेल्या साखराबाईंनी दारातून हाळी दिली, "छबे, येतीस का चोरून? भारतला न्हाई सांगत!"

"मी कवाच पोचले," मांडीवरच्या माळावर हात ठेवून छबुबाई म्हणाल्या. "तुमी बसा होडीची वाट बघत."

दिवाळीनंतर रुचिकाच्या नवऱ्याला, योगीराजला, परळीच्या थर्मल वीजकेंद्रात काम लागलं. आता ती तिथल्या घराच्या खिडकीवरची राख पुसता पुसता छबुबाईंना फोन लावते. पलीकडून एकच उत्तर येतं, "बरी हाय." तिचा त्यावर काडीचा विश्वास नाही.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. केजहून धनेगावच्या जीपमध्ये कधी बसलात, तर धरणाच्या अलीकडे उतरा आणि छबुबाईंचं घर विचारा, पोरंसोरंही दाखवतील. त्या तुम्हालाही "बरी हाय" म्हणतील. तेवढ्यावर निघू नका. हक्कानं चहा मागा. चूल पेटलेली बघा, आणि मगच उठा.