सूर्यातल्या मोराची वही

रंगूनच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर सेन यिन मास्तरीण राहायची, तिची लेक थि थि राहायची आणि त्यांच्या तांदळाच्या डब्यामागे मी राहायचे. मी वही बोलतेय. हातानं लिहिलेली, सुतळीनं शिवलेली, मुलांच्या गोष्टींची वही.

सेन यिननं मला दोन वर्षं लिहिलं. तिच्या हाताला भाताचा वास यायचा, तो अजून माझ्या पानांना आहे. माझी सगळ्यात लांब गोष्ट सूर्यातल्या मोराची. पण लिहून झाली आणि त्याच साली कॉलेजची पोरं लष्करी सरकारविरुद्ध मोराचा झेंडा घेऊन रस्त्यावर उतरली. मग गोळ्या सुटल्या. त्यानंतर मोराचं नाव काढणारा माणूस घरी परत येईल याचा भरवसा उरला नाही.

माझं पुस्तक काढणार होता छापखान्याचा संपादक उ फो चो. तोंडात सदा पान. सेन यिनला तो सयामा म्हणजे बाई म्हणायचा, ती त्याला सया म्हणजे गुरुजी. त्यानं मला उघडलं, चार पानं वाचली आणि उठून दाराला कडी घातली.

"सयामा, हा मोर काढा."

"सया, सूर्यात मोर, चंद्रात ससा. हे मी नाही ठरवलं, पणजीच्या पणजीनं सांगितलंय. तिथं काय आता कोंबडी बसवू?"

"कोंबडी बसवा, बदक बसवा. तुम्ही तुरुंगात बसू नका म्हणजे झालं. लेकीला कोण बघेल?"

सेन यिननं तांबडी पेन्सिल उचलली.

मग ती माझ्या अंगावरून फिरू लागली. मोर गेला, पिसारा गेला, निळी मान गेली. जागोजाग 'उन्हातला पक्षी' आला. पण पेन्सिलीची रेघ ती काय, खालचा मोर स्वच्छ दिसायचा. खोडलेलं जास्तच दिसतं. मलाच माझी भीती वाटायला लागली.

म्हणून थि थिनं माझी मोर नसलेली नवी नक्कल केली. ती जाणार होती छापण्याआधी पुस्तकं तपासणाऱ्या सरकारी कचेरीत आणि मी जाणार होते उ फो चोच्या घराखालच्या चहावाल्याच्या चुलीत. ठरलं होतं तसं.

पण उ फो चोचा ज्योतिषी आडवा आला. म्हणाला, पुडकं सकाळी नऊ वाजून नऊ मिनिटांच्या आत साहेबाच्या हातात पडलं तरच काम होईल. उ फो चो आंघोळीहून आला तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. त्याच्या टेबलावर एकसारख्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन पुडकी, एक मी आणि एक नक्कल. त्यानं एक उचललं आणि लुंगी आवरत सायकल रिक्षा गाठली.

उचललं ते मी होते. चुलीत गेली असेल ती नक्कल.

कचेरीत मी अठरा दिवस पडून होते. तिकडे घरी काय चाललं असेल ते मला दिसत होतं, नक्कलच दिलीय असं समजूनही जीप वाजली की दोघी भिंतीला चिकटत असतील. एकोणिसाव्या दिवशी चष्मेवाल्या साहेबानं मला उघडलं. एक एक पान वाचलं, खोडलेल्यासकट. मोरावर त्याचं बोट थांबलं. माझी सुतळी तुटते की काय असं मला झालं.

कारकून वाकून बघत म्हणाला, "साहेब, हे तर... पाठवू का जीप?"

साहेबानं चष्मा पुसला. "खोडलंय ना? आपलं काम तिनंच केलंय. एवढी घाबरलेली बाई काय दंगा करणार? मार शिक्का."

ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं आणि लाजही वाटली. दोन्ही एकदम.

उ फो चो मला घेऊन तिसरा मजला चढला, पायऱ्या धडधड वाजवत. सेन यिननं जीपच आली समजून कपड्यांचं गाठोडं उचललं होतं.

"ठेवा ते खाली, सयामा. पास झालं."

तिची नजर माझ्यावर पडली. "ही जळाली नाही? कुठली वही दिलीत तुम्ही?"

"हीच. तुमच्या लेकीची शपथ, मुद्दाम नाही."

सेन यिननं त्याला दोन शिव्या दिल्या, मग तिथंच जमिनीवर बसून रडली, मग हसली. थि थिनं मला चुलीसाठी मागितलं तर उ फो चो ओरडला, "खबरदार! पानापानावर सरकारी शिक्का आहे. उद्या कुणी विचारलं तर हीच दाखवायची. आता हिला जाळणं गुन्हा!"

मी आता बिस्किटाच्या डब्यात असते, कापराच्या दोन वड्यांसोबत. पानं पिवळी झालीत. वाचणाऱ्या बाळांनो, छापलेली गोष्ट वाचा, पण कधीतरी माझ्या रेघांखालीही बघा. पुस्तक तीनदा छापलं गेलं, थि थि डॉक्टर झाली, आणि सेन यिनच्या दाराशी जीप कधीच थांबली नाही.