मी काचेत जाणार नाही

मित्रांनो, मला जुनी म्हणा, चालेल. बिचारी म्हणाल तर खबरदार! मी एक पाटी आहे. लाकडाची, काळ्या रंगाची, वरचा डावा कोपरा चेचलेली. एजियन समुद्रातल्या एका लहानशा बेटावर, जहाजं लागतात त्या धक्क्यासमोर, अर्गिरोच्या कॉफीच्या दुकानाबाहेर मी चार स्क्रूंवर टांगलेली आहे. गेल्या उन्हाळ्यात मला तिथून उतरवून, काचेच्या पेटीत घालून संग्रहालयात ठेवायचं गावाने ठरवलं होतं. मी गेले नाही. का गेले नाही, ते सांगते.

जन्माने मी पाटी नव्हतेच. मी झाकण होते. अर्गिरोच्या वडिलांच्या होडीत मासे आणि बर्फ ठेवायचा कप्पा होता, त्यावर मी बसत असे. तीस वर्षं मी समुद्राचं मीठ खाल्लं आहे, तेव्हा समुद्राबद्दल मला कुणी शिकवायला येऊ नये. पुढे म्हातारा थकला. त्याने मासेमारीचा परवाना परत केला आणि नियमाप्रमाणे होडी मोडायची वेळ आली. लोखंडी दातांचं यंत्र वाळूत येऊन उभं राहिलं. म्हातारा तोंड फिरवून उभा होता. तेवढ्यात अर्गिरो पुढे झाली.

"थांब रे," ती यंत्रवाल्याला म्हणाली, "माझं भांडं राहिलंय आत."

आत चढली आणि मला काखोटीला मारून खाली उतरली.

"हे भांडं?" त्याने विचारलं.

"हे झाकण. भांडं घरी आहे."

मग यंत्राने माझ्या डोळ्यांदेखत होडीचा चुराडा केला. मी तेवढी वाचले. तेव्हापासून मला कुणी मोडीत काढायला निघालं की माझं डोकं फिरतं.

अर्गिरोने मला काळा रंग दिला तो कंटाळून. उन्हाळ्यात जहाजातून माणसं उतरत आणि तिला तेच तेच प्रश्न विचारत. जहाज कधी, बस कधी, पोहायला कुठे जाऊ, पाणी कुठे मिळेल? बोलून बोलून तिचा घसा बसे आणि कॉफी उतू जाई. म्हणून ती रोज सकाळी खडू घेऊन माझ्यावर लिहू लागली. 'आज उत्तरेच्या किनाऱ्यावर जाऊ नका. गेलात तर टोपी परत मागायला येऊ नका.' 'वरच्या गावाची बस दहाला निघते. ड्रायव्हरची कॉफी संपली नसेल तर सव्वादहाला.' 'दीपगृहाच्या वाटेवर पाणी नाही, सावली नाही आणि परत आणायला कुणी येणार नाही.' 'ज्यांचं परतीचं विमान आहे त्यांनी एक अख्खा दिवस हातात ठेवून बेट सोडावं. वारा तुमचं तिकीट वाचत नाही.'

मित्रांनो, ही माणसं घरून केवढे बेत करून येतात! तासातासाची यादी असते. नऊला हा किनारा, अकराला ते देऊळ, एकला जेवण. धक्क्यावरचे लोक त्यांना हसतात. अर्गिरो हसत नाही. ती म्हणते, "बेत हवाच. बेताशिवाय आलेला माणूस पहिल्याच दिवशी उन्हाने लाल होतो आणि माझ्या दारात येऊन पडतो. फक्त त्या यादीत वाऱ्यालाही एक खुर्ची ठेवा म्हणावं." लोक माझे फोटो काढत. उत्तरेकडच्या कुठल्याशा देशातून एका बाईने खडूंचा खोका पाठवला होता. मी तोऱ्यात होते, ते का लपवू?

आणि मग मी चुकले. ते झाकून ठेवलं तर बाकीच्या फुशारकीला काय किंमत?

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबर महिना होता. याकोवोस नावाच्या तरुण गवंड्याची आई अथेन्सच्या इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होती. दुपारी दोनचं जहाज त्याला गाठायचं होतं. सकाळी दक्षिणेचा वारा सुटला. आमचा धक्का दक्षिणेलाच उघडा, त्या वाऱ्यात जहाज लागत नाही. अर्गिरोने लिहिलं, 'आज जहाज येणार नाही.' याकोवोसने वाचलं, मान खाली घातली आणि तो वरच्या गावात निघून गेला. दुपारी वारा अचानक पडला. जहाज आलं, पाचच मिनिटं टेकलं, चार माणसं घेऊन गेलं. भोंगा ऐकून याकोवोस डोंगरावरून धावत सुटला. धक्क्यावर पोचला तेव्हा त्याला जहाजाची नुसती पाठ दिसली. दुसऱ्या दिवशी पहाटे आई गेली. जवळ कुणी नव्हतं.

त्याने शिवी दिली नाही. कमरेची हातोडी काढली आणि माझ्या कोपऱ्यावर एकच घाव घातला. अर्गिरो दारात उभी होती. तिने त्याला अडवलं नाही आणि तो कोपरा कधी दुरुस्तही केला नाही. त्या दिवसापासून रोज माझ्यावर सगळ्यात खाली एक ओळ असते. 'हा बाईचा अंदाज आहे. धक्क्यावर येऊन स्वतः बघा.' याकोवोस मात्र त्यानंतर समोरून जाताना समुद्राकडे तोंड करून जाऊ लागला. एकोणीस वर्षं त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

आता तोच याकोवोस गावचा अध्यक्ष झाला. धक्क्यावर उंच खांब उभा राहिला, त्यावर झगझगीत स्क्रीन लागली. जहाज कंपनीची वेळ आपोआप तिच्यावर उमटते. माझ्यासाठी जुन्या शाळेतल्या संग्रहालयात काचेची पेटी तयार झाली. सोळा ऑगस्टला मला उतरवायचं ठरलं, पंधराचा मोठा सण उरकल्यावर.

"मान देतोय तिला," याकोवोस अर्गिरोला म्हणाला. "लोक येऊन बघतील."

"मेलेल्यालाही लोक येऊन बघतात," अर्गिरो म्हणाली आणि फडकं मारत राहिली.

पंधराची सकाळ उजाडली. वरच्या गावात बकऱ्याच्या मटणाची पातेली चुलीवर चढली होती, व्हायोलिनवाला आदल्या दिवशीच आला होता. संध्याकाळी पहिला नाच अध्यक्षाने आणि त्याच्या मुलीने धरायचा होता. ही मुलगी पोपी. ती जहाजावरच्या इंजिनाचं शिक्षण घेऊन आली होती आणि तिला पहिल्या बोटीवर नोकरी मिळाली होती. सतराला पहाटे अथेन्सहून तिचं विमान होतं. ते चुकलं असतं तर बोट तिच्यासाठी थांबणार नव्हती, दुसऱ्या कुणाला तरी घेऊन निघून गेली असती. स्क्रीनवर ठळक दिसत होतं, सोळाचं जहाज संध्याकाळी पाचला, वेळेवर. म्हणजे नाचही होईल आणि विमानही मिळेल, असा बापलेकीचा बेत होता.

आणि माझ्यावर अर्गिरोने लिहिलं होतं, 'डोंगराने टोपी घातली आहे. उद्या जहाज येणार नाही. ज्यांना विमान गाठायचं आहे त्यांनी आज दुपारी बाराच्या जहाजाने जावं. सण पुढच्या वर्षीही आहे.'

डोंगरावर पांढऱ्या ढगाची टोपी बसली की उत्तरेचा वारा चढतो. वाऱ्याचा जोर बारापर्यंत मोजतात, तो आठवर गेला की जहाजं बांधून ठेवतात.

पोपी माझ्यासमोर येऊन थांबली. तिने दोनदा वाचलं. "अर्गिरोमावशी, नक्की?"

"नक्की माहीत असतं तर मी कॉफी विकत बसले असते का गं?"

"मग मी काय करू?"

"आज गेलीस आणि मी चुकले, तर एक नाच बुडेल. थांबलीस आणि मी बरोबर निघाले, तर बोट जाईल. चूक कुठूनही होऊ शकते, पोरी. त्यातली परवडणारी कुठली, ते तू ठरव. ते मला इथून दिसत नाही."

पोपी वर जाऊन पिशवी घेऊन आली. मागोमाग याकोवोस आला, सणाचा पांढरा सदरा घामाने भिजलेला. "त्या फळीवर विश्वास ठेवतेस?" तो ओरडला. "त्या फळीपायी तुझी आजी एकटी गेली! आता तुलाही सणाच्या दिवशी हाकलतेय!"

सगळा धक्का वळून बघू लागला.

"बाबा," पोपी म्हणाली, "तेव्हा तिने तुम्हाला थांबवलं होतं. आज ती मला जा म्हणतेय. दोन्ही वेळा चुकली, तरी दोन्ही चुका सारख्या नाहीत." तिने त्याच्या गालाचा मुका घेतला आणि ती बाराच्या जहाजात चढली. याकोवोसने हात हलवला नाही. त्या संध्याकाळी पहिला नाच दुसऱ्याच कुणीतरी धरला, असं मी नंतर ऐकलं.

सोळाला वारा चढला. सकाळी जोर पाच, दुपारी सात. खुर्च्या उडाल्या, समुद्र पांढराफटक झाला. मी आठची वाट बघत होते. वारा सातवर थांबला तो थांबलाच. बरोबर पाच वाजता जहाज भोंगा वाजवत धक्क्याला लागलं.

बेकरीवाला स्त्रातिस पोट धरून हसला. "अर्गिरो, हे समोर आलंय ते काय आहे? बकरी?"

मग याकोवोस आला. हातात स्क्रू पिळायचं हत्यार, खांद्यावर मला गुंडाळायला पोतं. सगळे बघत होते.

"थांब," अर्गिरो म्हणाली. "आजचं लिहायचं राहिलंय."

तिने बाहीने मला पुसलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'काल मी लिहिलं, जहाज येणार नाही. ते आलं. मी चुकले. अर्गिरो.'

"याने काय होणार?" याकोवोस म्हणाला.

"काही होणार नाही. ती बघ तुझी स्क्रीन. जुलैत तीनदा चुकली. माणसं बोचकी घेऊन उन्हात बसली. तिने एकदा तरी असं लिहिलं?"

त्याने वर स्क्रीनकडे पाहिलं.

"त्या नोव्हेंबरातही मी लिहिलं होतं," अर्गिरो हळू म्हणाली. "तुझ्या आईचं नाव घालून. तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेपर्यंत पुसलं नाही. पावसात धुऊन गेलं की पुन्हा लिहायचे."

"मी इकडे बघतच नव्हतो."

"मला दिसत होतं ते."

इतक्यात त्याचा फोन वाजला. पोपीचा आवाज इतका मोठा की मलाही ऐकू आला. "बाबा, आलं का जहाज?"

"आलं."

"म्हणजे नाच उगाच बुडाला!"

"बुडाला."

"असू दे. मी मैत्रिणीकडे पोटभर झोपले. विमानतळावर धावत तरी जावं लागणार नाही. पुढच्या वर्षी दोनदा नाचू."

फोन ठेवून त्याने माझ्यावरची ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग त्याने हत्यार चेचलेल्या कोपऱ्यातल्या स्क्रूला लावलं. तो स्क्रू एकोणीस वर्षं सैल होता. त्याने तो पिळला आणि घट्ट केला. बाकीचे तीनही तपासले.

"कोपरा भरून देतो," तो खाली बघत म्हणाला. "गवंडी आहे मी. कळणारही नाही."

"कोपऱ्याला हात लावायचा नाही," अर्गिरो म्हणाली. "कॉफी घेणार का?"

त्याने घेतली, माझ्याकडे तोंड करून बसून.

काचेची पेटी अजून संग्रहालयात रिकामी आहे. राहू दे. मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारख्या जुन्या वस्तू असतील. त्यांची कीव करू नका आणि त्यांना शोभेला मांडून ठेवू नका. त्यांना कामाला लावा, आणि त्या चुकल्या तर पुसून पुन्हा लिहा. आमच्या बेटावर कधी आलात तर बेत करून या, एक दिवस हातात ठेवा आणि माझ्यासमोर दोन मिनिटं थांबा.

आजचं ताजं आहे, खडू अजून हाताला लागतो. 'वारा पाच. जहाज येईल असं वाटतं. हा बाईचा अंदाज आहे. धक्क्यावर येऊन स्वतः बघा.'