ल्यूटची खाट

राणीचा लवाजमा मुक्कामाला पोचण्याआधी बार्नाबी टक तिथे पोचायचा आणि कोण कुठे झोपणार ते दारादारांवर खडूने लिहून ठेवायचा. म्हणून बाबांना मागच्या गावात पुरून मी इथे आले, तेव्हा माडीवरच्या एका दारावर त्यांचं नाव होतं. अँब्रोज पेल, वादक.

खोलीत एकच खाट होती. मी बाबांची ल्यूट, त्यांचं लाकडी तंतुवाद्य, तिच्यावर निजवली, चादर आणि घोंगडीच्या मधे, मान उशीवर. दमट हवेत ल्यूटच्या पोटाचे सांधे उकलतात, म्हणून ते तिला नेहमी अंथरुणात ठेवत. "तुझी आई असती तर सवत म्हणाली असती हिला," असं प्रत्येक नव्या गावात सांगत आणि स्वतःच हसत. सांधे उकलले तर तेच जोडत. आता जोडणारं कोणी नव्हतं.

संध्याकाळी बार्नाबी ओलं फडकं घेऊन आला.

"थॉमसिन, पोरी, नाव पुसायला आलोय. खोली मुदपाकखान्याच्या कारकुनाला द्यायचीय."

"आणि आम्ही?"

"तू धोबिणींबरोबर. गवत अंथरलंय."

"ओल्या गवतावर हिला ठेवू, काका?"

"गाडीत ठेव."

"गाडी गळते. सकाळी तुम्हीच तिला शिव्या घालत होतात."

"अगं, खाट माणसाला मिळते, लाकडाला नाही."

"मग कारकुनाला पाठवा धोबिणींकडे."

"त्या त्याला पिळून वाळत घालतील!" तो हसला. मग त्याची नजर उशीवर गेली.

जिन्यावर पावलं वाजली. कारकून कालच पुढे आला होता, बाबा गेल्याचं त्याला कळलं नव्हतं. बार्नाबीने दार आतून लोटलं आणि हळूच विचारलं, "वाजवता येते?"

"नुसती सुरात लावता येते."

"मग लाव."

मी तिला मांडीवर घेतलं. बाबा लावायचे तशी, खालच्या तारेपासून, प्रत्येक खुंटी जराशी मागे घेऊन मग पुढे.

पावलं दाराशी थांबली.

"पेल, आल्या आल्या सुरू केलंत का? चालू द्या. मी बघतो दुसरीकडे कुठे."

पावलं उतरून गेली. बार्नाबीने फडकं पट्ट्यात खोचलं. तारा केव्हाच लागल्या होत्या, तरी मी लावत राहिले.