चौसष्टावा दिवस

वाईत एका बाईने आमटीला फोडणी दिली, जरा टेकते म्हणून पाटावर बसली, ती उठलीच नाही.

कडेगावात क्रांतीच्या आईने हयातभर अडलेल्या म्हशी सोडवल्या. तारीख एकीचीही लिहिली नाही. लिहिता येत नव्हतं.

माजावर आलेली पर्शियन मांजर गळा काढते तेव्हा शेजारी विचारतात, बाळ कुणाचं हो?

मांजरीचे दिवस पासष्ट. दोन कमी, दोन जास्त.

फ्रिजवरचं कॅलेंडर. तेरा मेचा चौकोन. पेन्सिलीने चौसष्ट.

ते कॅलेंडर भार्गवीचं. सांगलीत तिच्या घरी पाच पर्शियन मांजरी, आणि इस्लामपूरपासून मिरजेपर्यंत मांजरांची पिल्लं विकणारे जेवढे म्हणून होते, ते सगळे तिलाच फोन करायचे. त्यांनी मेटिंगची तारीख सांगायची, हिने बोटांच्या पेरांवर मोजून व्यायची तारीख सांगायची. चुकली म्हणून कुणी ऐकलं नव्हतं. सोनोग्राफीचं नाव काढलं की म्हणायची, "ज्याला तारीख ठाऊक नाही, त्याने करावी."

त्या पाचांतल्या शेवंतीची तारीख तर छापील कागदावर होती. बोका वाईच्या विष्णुपंतांचा. त्यांनी सही करून दिलेली: मेटिंग, दहा मार्च.

आठ मेला शेवंती कपाटात शिरून चादरी उकरायला लागली. ताप पाहिला तर पारा व्यायच्या आधी उतरतो तसा नव्व्याण्णवच्या खाली. घरकामाला येणाऱ्या क्रांतीने केरसुणी टाकली आणि मांजरीच्या पोटाखाली हात घातला.

"ताई, दूध उतरलंय. हिचं दिस भरलं."

"आज एकोणसाठावा आहे."

"आसंल. पर पोट काय म्हणतंय ते बगा की."

"पोटाचं काय ऐकायचं? कागद आहे ना."

"मग कागदालाच हू द्या पिल्लं," क्रांती म्हणाली आणि केर काढायला लागली.

भार्गवीने डॉक्टरांना फोन केला, एकोणसाठ हा आकडा सांगितला. आकडा ऐकून डॉक्टर म्हणाले, फार लवकर आहे, अंधारात शांत ठेवा, हलवू नका. तिने शेवंतीला मागच्या खोलीत ठेवलं, पडदे ओढले. दोन दिवस दाराआडून नखांचा आवाज येत राहिला.

मग थांबला.

भार्गवीला हायसं वाटलं.

तेरा मेला सकाळी शेवंतीने तोंडाजवळ धरलेल्या पाण्याकडेही पाहिलं नाही. अंगाखालचं फडकं काळपट हिरवं झालेलं. खोलीत वास होता, कसला ते भार्गवीला ठरवायचं नव्हतं. डॉक्टर फोनवर एवढंच म्हणाले, "लगेच आणा. आणि ती तारीख परत एकदा विचारा."

मांजर टोपलीत, टोपली मांडीवर, रिक्षा मिरज रोडला. तिने वाईला विष्णुपंतांना फोन लावला.

"काका, दहा मार्चच ना?"

"हो. दिलाय की लिहून."

"लिहिलेलं माझ्या हातात आहे. झालं कधी?"



"अगं, तू मांजर सोडून गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या वहिनी गेल्या. घरात सुतक. त्यात तुझ्या शेवंतीने असा सूर लावला, की भेटायला आलेली माणसं आमची तोंडं सोडून तिच्याकडे बघायला लागली. शेवटी तुझी उमाकाकूच म्हणाली, सोडा तिला बोक्यापाशी, गप तरी बसेल."

"काका, कधी?"

"चार मार्चला. पण सुतकात असलं कार्य कागदावर कसं मांडायचं? फिटलं, त्या दिवशी घातली तारीख. सहा दिवसांनी असं काय होतंय?"

भार्गवीचा अंगठा पेरांवरून सरकत गेला. आज सत्तरावा. आणि त्या दिवशी, आठ मेला, बरोबर पासष्टावा.

शिव्या द्यायला तोंड उघडलं, आणि आठवलं. मार्चमध्ये मांजर आणायला गेली तेव्हा तीच त्यांच्या ओसरीवर बसली होती. वहिनी कधी गेल्या, दहावं कुठे केलं, तेरावं किती माणसांचं झालं, सगळं मान हलवत ऐकलं होतं. जगाच्या तारखा मोजणारी बाई. ही एक तिने ऐकली आणि सोडून दिली.

दवाखान्यात टोपली आत गेली. ती बाकावर बसली. तासाभराने डॉक्टर हात पुसत बाहेर आले.

"मांजर वाचेल. पिशवी काढावी लागली. बाकी..." त्यांनी मान हलवली. "आणखी उशीर केला असता तर तीही गेली असती."

तेवढ्यात फोन वाजला. विट्याचा ऋषिराज, गेल्या वर्षीच दोन मांजरी घेऊन धंद्याला लागलेला.

"ताई, आमच्या राणीचं मेटिंग पंचवीस एप्रिलचं. तारीख सांगा की जरा. गिऱ्हाईक थांबलंय."

तिने अंगठा पहिल्या पेरावर ठेवला. तिथेच राहिला तो.

"ऋषिराज, घरात कुणी गेलंय का?"

"आं?"

"एप्रिलमध्ये. घरात, भावकीत. कुणी गेलंय का?"



"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमाला कुणी सांगितलं?"

आठ मेच्या संध्याकाळी शेवंतीच्या पोटात तिन्ही पिल्लं जिवंत होती.