डाळिंबाची शिवण

शिंपीमास्तरांच्या बायकोचा ताप उतरला, पण अन्नावरची वासना उडाली ती उडालीच. भात नको, दूध नको, सूप तर नकोच नको. डॉक्टरीणबाईंनी सकाळी मास्तरांना स्पष्टच सांगितलं, "संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर दवाखान्यात ठेवावं लागेल. डाळिंबाचे दिवस आहेत, तेच देऊन बघा. पाणी आहे, चोथा आहे, तोंडालाही चव येईल. पण औषधाबरोबर हं, औषधाऐवजी नाही."

मास्तर तडक बाजारात गेले. गुळगुळीत, गोलमटोल फळांवर न भाळता त्यांनी कोपरे आलेली, हाताला जड लागणारी निवडली. एवढं ज्ञान त्यांना होतं, कारण दर हंगामात ते बायकोच्या मागे पिशवी धरून उभे राहत.

सोलण्याच्या नावाने मात्र आनंद होता. कापड असो की फळ, एक घाव दोन तुकडे हा मास्तरांचा खाक्या. कापायच्या टेबलावरच डाळिंब ठेवून त्यांनी मधोमध सुरी घातली, आणि चिळकांडी उडाली ती थेट शेजारी घडी घालून ठेवलेल्या गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर. आता तो नवा शिवून देणं आलं.

पलंगावरून बायको बघत होती. तापानंतर पहिल्यांदाच ती हसली.

"अहो, कापताय काय? उसवा. वरचं टोपण काढा, आत पांढऱ्या शिवणी दिसतील. त्याच रेषेत सालीवर सुरी फिरवा, नुसती वरवर."

मास्तरांनी दुसरं फळ घेतलं. शिवणीशिवणीवर रेघा मारल्या, अंगठ्यांनी हलकेच ताणलं, तर डाळिंब पाकळी पाकळी उलगडलं आणि एक दाणा फुटला नाही. मास्तर बघतच राहिले. प्रत्येक कप्प्याला पातळ अस्तर, दाण्याला दाणा खेटलेला, तसूभर जागा वाया नाही.

"जन्मभर कपडे शिवले," ते म्हणाले, "पण असं बेतणं काही मला जमलं नाही."

वाटी भरली. बायकोने चार दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले.

"गोड आहे. जरा आंबटही," ती म्हणाली आणि तिने पुन्हा हात घातला. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

अर्धी वाटी झाली आणि तिने ती सवयीने त्यांच्याकडे सरकवली. "घ्या, उरलेलं तुम्हाला."

दर हंगामात मशीनशेजारी अशीच वाटी यायची आणि मास्तर मान वर न करता ती फस्त करायचे. मग ही काय खायची? ही सालींचे तुकडे घेऊन बसायची, चिकटून राहिलेले दाणे दातांनी काढत. मास्तरांना फार वाईट वाटलं.

त्यांनी वाटी परत तिच्या मांडीवर ठेवली आणि स्वतः साल उचलली. दाण्याबरोबर पांढरा पापुद्राही तोंडात आला.

"कडू लागतं की गं."

"सवय झाली की लागत नाही," ती म्हणाली.

मास्तरांनी दुसरी साल उचलली. समोर ती वाटी संपवत होती, अगदी शेवटच्या दाण्यापर्यंत.